अर्ध्या इंचाचा पीळ

फेब्रुवारी लागला की नाशिकची हवा दिवसातून दोनदा कपडे बदलायला लावते. सकाळी स्वेटर घालून निघावं आणि अकरा वाजता तोच स्वेटर गाडीच्या डिकीत कोंबावा. दिंडोरी रस्त्यावर क्रेट भरलेले पिकअप एकामागोमाग एक धावायला लागतात. वळणावर एखादा घड खाली पडतो, मागच्या गाडीखाली चिरडतो आणि दुपारपर्यंत त्या डागावर मधमाश्या जमतात. पाहुण्यांचे फोन सुरू होतात, "यंदा एखादी पेटी पाठव रे." लोकांना या दिवसांत द्राक्षं आठवतात. मला आठवतो तो द्राक्षांच्या खोक्यात घालायच्या कागदाचा गंधकासारखा, घशात बसणारा वास, आणि त्याच्या मागोमाग एक टेबल, एक गोल फिरणारी खुर्ची. चार वर्षं झाली, मी द्राक्ष तोंडात घातलेलं नाही. "कोल्ह्याला आंबट," असं बायको चिडवते. चिडवू दे.

माझा धंदा नेटवर्कच्या केबली टाकण्याचा. शाळा, दवाखाने, गोदामं, जिथे कॉम्प्युटरांना एकमेकांशी बोलायचं असतं तिथे भिंतींना भोकं पाडायला मला बोलावतात. पंधरवड्यापूर्वी कापडणीस साहेबांचा फोन आला. हे दिंडोरी रस्त्यावरच्या एका पॅकहाउसचे मॅनेजर. मळ्यांतून आलेली द्राक्षं छाटून, डब्यांत भरून परदेशी पाठवायची, असं तिथलं काम. साहेब मूळचे बागलाणकडचे, आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरावा. "कॅमेरे वाढवायचे हायेत. जुनी केबल सगळी काढा आणि ती सहा-ए का काय म्हणतात ती टाका. हंगाम सुरू झालाय, लवकर या." मी हो म्हणालो. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते कारण मी तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

"केबल ती केबल, पाच काय अन् सहा काय," असं चार वर्षांपूर्वी हेच साहेब म्हणाले होते. बहुतेक गिऱ्हाइकं असंच म्हणतात आणि वरून पाहिलं तर त्यांचं फारसं चुकत नाही. निळं नाहीतर राखाडी आवरण, आत आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. केशरी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीची एक पांढरट जोडीदारीण. फरक आत असतो आणि तो मुख्यतः पिळाचा असतो. जोडीतल्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. शेजारच्या मोटरचा गोंगाट आला तर तो दोघींवर सारखाच पडतो. पलीकडचं यंत्र दोघींमधला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे सारखा पडलेला गोंगाट आपोआप वजा होतो. पीळ सोडून तारा सरळ केल्या, तर एक मोटरच्या जवळ राहते, दुसरी लांब, आणि गोंगाट आत शिरतो. चारही जोड्यांचे पीळ मुद्दाम कमीजास्त ठेवतात, नाहीतर शेजारणी एकमेकींचं बोलणं ऐकतात. जुन्या पाच नंबरच्या केबलीत हे सगळं बेतानंच. पाच-ई जरा काटेकोर. सहामध्ये तारा जाड, पीळ घट्ट, आणि बहुतेक वेळा मधोमध अधिकच्या चिन्हासारखी प्लॅस्टिकची पट्टी, म्हणजे चार जोड्यांना चार खोल्या. सहा-ए त्याहून जाडजूड आणि हट्टी, वळवायला गेलं तर मनगट भरून येतं. काहींत तर पेढ्यावरच्या वर्खासारखा चकचकीत कागद गुंडाळलेला असतो. नंबर वाढतो तसा वेग वाढतो, असं दुकानदार सांगतात आणि ते खरं आहे. नंबर वाढतो तशी बसवणाऱ्याच्या हाताला मिळणारी माफी कमी होत जाते, हे मात्र कुणी सांगत नाही.

माझा हात आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. ते एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इलेक्ट्रिशियन होते. आम्ही नाशिक रोडला राहायचो. दोरीवर वाळत घातलेला पांढरा बनियन संध्याकाळी काढताना आई आधी तो झटकायची, कारण त्याच्यावर राखेचा हलका थर बसलेला असायचा. आप्पांनी बांधलेलं पॅनेल बघायला म्हणे दुसऱ्या पाळीचे लोक थांबत. प्रत्येक तार विंचरल्यासारखी सरळ, प्रत्येक वळण काटकोनात. "तार वाकडी दिसली की माणूस वाकडा समजायचा," असं ते म्हणायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला जुन्या वायरीचे तुकडे देत आणि मांडीवर घासून सरळ करायला लावत. विजेच्या कामात त्यांचं बरोबरच होतं. मी तोच संस्कार घेऊन या धंद्यात उतरलो. टोकाशी जोड्या उलगडायच्या, चांगल्या अडीच इंच, आठही तारा अंगठ्याखाली घासून सरळ करायच्या आणि मग रंगवार ओळीनं सॉकेटात बसवायच्या. नियम असा आहे की टोकाशी पीळ अर्ध्या इंचापलीकडे सोडायचा नाही. मला तो नियम पाठ होता. पण पीळ ठेवला की सॉकेटामागे गुंता दिसतो, आणि गुंता मला बघवत नाही. पाच नंबरच्या केबलीवर, कमी वेगात, माझी ही हौस वर्षानुवर्षं खपून गेली. लोक माझ्या कामाचे फोटो काढायचे. मी उभा राहून काढू द्यायचो.

चार वर्षांपूर्वीच्या त्या हंगामात पॅकहाउस नवं होतं आणि तिथली केबल मीच टाकली होती. पत्र्याची लांबलचक शेड, एका अंगाला शीतगृहाचे दरवाजे, ते उघडले की घोट्यांना गार हवा लागायची. मधोमध मोटरवर चालणारा पट्टा. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बाया उभ्या, डोक्याला जाळीची टोपी, तोंडाला फडकं, हातात बारकी कात्री. घड देठाला धरून उचलायचा, फुटका मणी छाटायचा, डब्यात ठेवायचा, पुढचा घ्यायचा. कात्र्यांचा कचकच आवाज दिवसभर. या बाया पेठ, सुरगाणा, हरसूलकडून हंगामापुरत्या यायच्या आणि शेडमागच्या खोल्यांत राहायच्या. सगळं काम उभ्यानं. बसून काम फक्त पाच जणींना, कारण पट्ट्याच्या टोकाला पाच काटे होते, पाच कॉम्प्युटर आणि पाच खुर्च्या. खोकं काट्यावर ठेवायचं, प्लॉटचा नंबर टाइप करायचा. वजन आपोआप ऑफिसच्या कॉम्प्युटरला जायचं आणि तिकडून निरोप आला की शेजारचं यंत्र लेबल बाहेर काढायचं. ते लेबल म्हणजे खोक्याचा जन्मदाखला. फवारणीच्या तपासणीचे कागद प्लॉटवार असतात, त्यामुळे लेबल चुकलं तर एकाच्या द्राक्षांना दुसऱ्याचा दाखला चिकटतो.

चार नंबरच्या खुर्चीवर यमुना बसायची. हरसूलजवळच्या एका पाड्यावरची, बारावी झालेली, असेल बावीस-तेवीस वर्षांची. आधी दुसऱ्या पॅकहाउसांत दोन हंगाम कात्री घेऊन उभी राहिली होती. तिच्या पाड्यावरच्या बायांमध्ये खुर्चीवर बसलेली ती पहिलीच. पहिल्या दिवशी मी शेजारच्या टेबलाखाली काम करत होतो, तेव्हा ती खुर्चीच्या कडेला टेकून बसली होती, कुणीतरी ऊठ म्हणेल अशी. चौथ्या दिवशी पाठ टेकून बसली. जेवणाच्या सुट्टीत तिच्याकडच्या बाया येऊन खुर्चीला हात लावून बघायच्या. "गोल फिरती गं ही!" म्हणत एकीनं तिला खुर्चीसकट गरकन फिरवलं होतं आणि सगळ्या खिदळल्या होत्या. ते खिदळणं मला अजून ऐकू येतं आणि ऐकवत नाही.

पंधरा-वीस दिवसांनी मला बोलावणं आलं. मी पोचलो तेव्हा दारात कंटेनर उभा होता आणि लाकडी पॅलेटवर रचलेली खोकी पुन्हा खाली उतरवत होते. चार नंबरवरून निघालेल्या खोक्यांची लेबलं आणि आतली द्राक्षं जुळत नव्हती. काही खोक्यांना मागच्या खोक्याचं लेबल लागलं होतं आणि तिथून पुढे सगळी रांगच एकानं सरकली होती. ज्यांची द्राक्षं होती ते दोन बागायतदार ऑफिसात बसले होते.

"पोरीचं लक्ष नाय," कापडणीस साहेब म्हणाले. "खुर्ची मिळाली ना, डोक्यात गेली."

यमुना टेबलाशी उभी होती. "मी एकदाच दाबते, साहेब. मध्येच अडकतं, मग मशीनच दोनदा लेबल काढतं. एकासारखं एक."

मग ती माझ्याकडे वळली. तिच्या हातात खोक्याचा फाडलेला पुठ्ठा होता. "भाऊ, मी लिहून ठेवलंय बघा. पट्टा बंद असला का नाय होत. पट्टा चालू असला तरच होतं."

मी तो पुठ्ठा घेतला. मला टेबलाखाली जायचं होतं आणि फरशी ओली होती. मी तो खाली अंथरला आणि त्याच्यावर गुडघे टेकले.

हे लिहायचंच तर एवढं तरी सरळ लिहावं.

माझ्याजवळचं टेस्टर म्हणजे दोन लहान डब्या, एक केबलीच्या या टोकाला, एक त्या टोकाला. तारा नीट पोचत असतील तर एक ते आठ हिरवे दिवे ओळीनं लागतात. तार पोचते की नाही एवढंच ते यंत्र सांगतं. गोंगाटात ती काय गाळते, ते सांगणारं मीटर वेगळं असतं, ते मी कधी घेतलं नव्हतं. त्यात तपासणी करायची म्हणून साहेबांनी पट्टा बंद करायला लावला होता. दिवे लागले, आठच्या आठ. मी टेबलाखालून बाहेर आलो, गुडघे झटकले आणि म्हणालो, "केबल ओके आहे."

पट्टा बंद असल्यामुळे शेड शांत होती. त्यामुळे माझं वाक्य साठ-सत्तर बायांना स्वच्छ ऐकू गेलं. एरवी शेजारणीनं मारलेली हाकसुद्धा कळत नसे.

"ऐकलंस?" साहेब यमुनाला म्हणाले. "आता सांग." कुणीतरी तिच्या हातात कात्री दिली आणि ती पट्ट्याशी जाऊन उभी राहिली. खुर्ची अजून थोडी वळलेली होती. मी चहा पिऊन निघालो.

आठवड्यानं पुन्हा फोन आला. चार नंबरवर दुसरी मुलगी बसली होती आणि लेबलं पुन्हा दोन-दोन निघत होती. यमुना तोवर हंगाम अर्धा टाकून गेली होती. या वेळी मी गेलो तेव्हा पट्टा चालू होता. मी सॉकेट उघडलं. आत माझं काम होतं, आठ तारा, अडीच इंच, एकमेकींना समांतर, केस विंचरून भांग पाडल्यासारख्या. त्यांना जवळजवळ चिकटून पट्ट्याच्या मोटरची वायर गेली होती. पट्टा चालू झाला की गोंगाट आत शिरायचा, ऑफिसचा निरोप अर्धवट पोचायचा, यंत्र तोच पुन्हा मागवायचं आणि लेबल दोनदा काढायचं. ती माझं काम झाल्यानंतर कुणीतरी टाकली होती, हे मला स्वतःला पटवायचं होतं, पण तेवढं खोटं मनातसुद्धा जमलं नाही. मी टोकं कापली, पीळ अर्धा इंच सोडला, बाकीचा तसाच गुंतागुंतीचा ठेवून तारा बसवल्या. पट्टा चालू असताना पन्नास खोकी जाऊ दिली. एकही लेबल दोनदा निघालं नाही.

"काय होतं हो?" साहेबांनी विचारलं.

"धूळ बसली होती."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझ्या तारांचा गेला, माझा नाही.

तो पुठ्ठा माझ्या हत्यारांच्या पिशवीत घरी आला होता. टेस्टर काढताना हाताला लागला तेव्हा मी तो पहिल्यांदा वाचला. बॉलपेननं, सरळ अक्षरात, "सोमवार. ९.४० पट्टा चालू, दोन. १०.०५ पट्टा चालू, दोन. १.१५ जेवण, पट्टा बंद, बरोबर." असं तीन दिवसांचं. मधोमध माझ्या गुडघ्यांचे दोन खोलगट डाग. तारांना पीळ का असतो हे त्या मुलीला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिनं फक्त बघितलं होतं. वीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसापेक्षा तिनं दोष नेमका शोधला होता आणि तो लिहून माझ्या हातात दिला होता. केबलीच्या अंगावर थोड्या थोड्या अंतरानं तिची कॅटेगरी, म्हणजे पाच की सहा, छापलेली असते. माणसाच्या शब्दावर तसं काही छापलेलं नसतं, पण कुणाचा शब्द कितवा, हे त्या शेडमध्ये सगळ्यांना पाठ होतं. मला तर जास्तच.

तेव्हा जाऊन सांगायला हवं होतं. मी स्वतःशी म्हणायचो, हंगाम संपलाय. मग म्हणायचो, ती विसरली असेल. प्रत्येक फेब्रुवारीत काहीतरी सुचायचंच.

यंदा तो फोन आल्यावर मी आधी हरसूलला गेलो, बाजाराच्या दिवशी. पाड्याचं नाव लक्षात होतं, दोन बायांना विचारलं, तिसरीनं बोट दाखवलं. यमुना नागली आणि वरई घेऊन बसली होती, शेजारी दोन-तीन वर्षांची मुलगी. तिनं मला लगेच ओळखलं. मी सगळं सांगितलं. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, तेव्हा मला थांबावं लागलं. तिनं नागली मापून दिली, पिशवीचं तोंड बांधलं, मग म्हणाली, "हं, बोला."

"चूक माझी होती, यमुना. माफी मागायला आलोय."

"मला म्हाईत हाय. तवाच म्हाईत होतं." तिच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "इथं रेशनच्या दुकानात मशीनवर मला बसवणार होते. नाय बसवलं. म्हणले, हिनं तिकडं घोळ घातला. मी यायच्या आधीच गोष्ट आली गावात."

मी पिशवीतून पुठ्ठा काढून दिला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला. "हे कशाचं?"

"गुडघ्यांचं. माझ्या."

तिनं पुठ्ठा माझ्या हातात परत ठेवला. "भाऊ, इथं मला सांगून काय उपेग? तिथं बोलले ना तुमी, सगळ्यांसमोर? मग तिथं जाऊन सांगा." आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

काल पॅकहाउसचं काम संपलं. सहा-एची जाड केबल, वरून वर्ख, मोटरच्या वायरीपासून लांब वेगळ्या पट्टीतून नेलेली. पीळ अर्ध्या इंचाच्या आतच सोडलेला. सॉकेटामागे सगळा गुंता, कुणी फोटो काढणार नाही असा. चांगलं मीटर भाड्यानं आणलं होतं आणि पट्टा चालू ठेवून सगळ्या जोड्या मोजल्या. मग मी कापडणीस साहेबांना पट्टा थांबवायला सांगितलं.

शेड तशीच शांत झाली. मी म्हणालो, "चार वर्षांपूर्वी इथं चार नंबरवर यमुना नावाची मुलगी होती. लेबलांची चूक तिची नव्हती. माझ्या केबलीची होती. तिनं ते शोधून, लिहून मला दाखवलं होतं आणि मी बघितलं नाही." मागपर्यंत पोचावं म्हणून शेवटचं वाक्य पुन्हा म्हणालो.

साठ-सत्तर चेहरे माझ्याकडे बघत होते, फडक्याच्या वर फक्त डोळे. त्यांत ओळखीचं कुणी नव्हतं. मजूर आणणारा माणूस मागच्या वर्षी बदलला, आता सगळ्या बाया सुरगाण्याकडच्या. त्या दिवशी माझं "केबल ओके आहे" ऐकलेली, यमुनाला ओळखणारी एकही बाई त्या शेडमध्ये उरली नव्हती. एका बाईनं शेजारणीला काहीतरी विचारलं, शेजारणीनं मान हलवली.

"कोण यमुना?" कापडणीस साहेबांनी विचारलं. खरोखरच विचारलं, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाले, "जाऊ द्या हो, किती जुनं उकरता. नवीन केबल बसली ना? मग झालं." त्यांनी हात केला आणि पट्टा सुरू झाला.

मी हत्यारं आवरायला चार नंबरपाशी गेलो. खुर्चीवर एकोणीस-वीस वर्षांची मुलगी बसली होती, कडेला टेकून. "आता इथं काही होणार नाही," मी तिला म्हणालो. "नीट तपासलंय."

तिनं मान डोलावली. मग म्हणाली, "पेन हाय का, भाऊ?"

मी केबलीवर नंबर टाकायचं मार्कर दिलं. तिनं खाली पडलेल्या खोक्याचा एक पुठ्ठा टरकावला, मांडीवर ठेवला आणि समोरच्या घड्याळाकडे बघून काहीतरी लिहिलं.

"काय लिहितेस?"

"पट्टा चालू हाय ते," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "लागंल पुढं."